बिनतारी गृहजाळ्यातील लोप

घरातील दिवे, कळा व दारांवरील संवेदक ज्या बिनतारी जाळ्याने जोडलेले असतात, त्यातील एखादे उपकरण एकाएकी ‘हरवते’. हे हरवणे म्हणजे नाश नव्हे. पाणिनीच्या लोपासारखाच हा प्रकार होय : जे असावयास हवे ते दिसत नाही, इतकेच. शिवाय लोपानंतरही कार्य उरते; यादीत ‘दार बंद’ ही अखेरची नोंद तशीच राहते. समुद्रपूरला एकट्या राहणाऱ्या वडिलांचे दार सकाळपासून उघडलेच नाही, की निरोपच पोचला नाही, हे पुण्यातील मुलास त्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून नोंदीआधी अखेरच्या निरोपाची वेळ पाहावी.

झिगबी पद्धतीचे जाळे ८०२.१५.४ या २००३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकावर उभे आहे. त्यात एक समन्वयक असतो. विजेवर अखंड चालणारी उपकरणे इतरांचे निरोप पुढे नेतात. सेलवर चालणारी बहुतेक काळ निजलेली असतात. असे उपकरण आपल्या एकाच ‘जनका’शी बोलते. जनक गमावलेल्या उपकरणास मानकात ‘अनाथ’ अशीच संज्ञा आहे. ही नातेवाचक परिभाषा निव्वळ अलंकार नव्हे. दोष कोठे शोधावा हे तीच सांगते.

अनेक उपकरणे एकदम गेली असल्यास त्यांचा समान जनक शोधावा. पुष्कळदा तो साधा बल्ब असतो आणि कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केलेले असते. वीज गेली म्हणजे हेच मोठ्या प्रमाणावर घडते : समन्वयक इन्व्हर्टरवर जागा राहतो, वाटेतले जनक विझतात. वीज परतल्यावर थोडा धीर धरावा, जाळे बहुधा सावरते. जी अपत्ये तरीही परतत नाहीत, त्यांचा सेल काढून पुन्हा घालावा.

एकच गेले असल्यास आधी सेल, मग अंतर, मग गोंगाट तपासावा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाय-फायचीही वर्दळ असते. आणि समन्वयक यूएसबी ३ च्या खाचेलगत असल्यास लांब वायरीने तो दूर न्यावा.

यादीतून नाव पुसण्याची घाई मात्र करू नये. उपकरणास ६४ बिटांचा कायम पत्ता असतो व जाळ्यात शिरताना १६ बिटांचा लघुपत्ता मिळतो. पहिला विशेषनामासारखा, दुसरा सर्वनामासारखा. न पुसता पुन्हा जोडल्यास लघुपत्ता बदलला तरी कायम पत्त्यावरून ओळख पटते आणि त्यावर बेतलेले नियम सहसा टिकतात. ही जोडणीही उपकरणाच्या नेहमीच्या जागीच करावी. समन्वयकाजवळ नेऊन जोडलेले उपकरण त्यालाच जनक मानते, आणि परत ओसरीवर नेले की पुन्हा अनाथ होऊ शकते.