सिम्युलेटरमधला विमानतळ आणि त्याच्या मागचं हवाई चित्र

आजच्या भागाचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला आहे. संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी आपण स्वतः विमानतळ आखतो, तेव्हा मागे हवाई किंवा उपग्रहाचं चित्र ठेवून त्यावरून धावपट्टी, टॅक्सी-वे आणि एप्रन गिरवतो. हे चित्र नेमकं कसं बसवायचं, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि कुठे अजिबात ठेवायचा नाही, एवढंच आज बोलू. उदाहरण घेऊ माझ्या घराजवळचं, दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळाचं.

माझी नोकरी तोफखान्यात गेली. नकाशा, दिशा आणि अंतर या तीन गोष्टींवर आमचं पोट चालायचं. निवृत्तीनंतर नोएडात राहायला आलो आणि हा छंद लागला. त्यामुळे मी जे सांगतो त्यात वैमानिकापेक्षा सर्व्हे करणारा माणूस जास्त दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला प्रश्न, हे करायचंच कशाला? सिम्युलेटरमध्ये विमानतळ आयते मिळतात की! मिळतात, पण ते ज्या वर्षी बनले त्या वर्षाचे असतात. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स २००६ साली आला. दिल्लीची ४४३० मीटर लांबीची तिसरी धावपट्टी सुरू झाली २००८ साली, टर्मिनल ३ आलं २०१० साली आणि चौथी धावपट्टी जुलै २०२३ मध्ये. म्हणजे त्या जुन्या सिम्युलेटरच्या आयत्या दिल्लीत यातलं काहीच असणं शक्य नाही. कोकणातला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ २०२१ चा, तर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती त्याच्या वर्षभर आधीची, ऑगस्ट २०२० ची. म्हणून हौशी मंडळी स्वतः बांधायला बसतात. जुन्या सिम्युलेटरसाठी एअरपोर्ट डिझाइन एडिटर आहे, एक्स-प्लेनसाठी वर्ल्डएडिटर मोफत मिळतो आणि नव्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरसोबत त्याची स्वतःची साधनं येतात. बटणं प्रत्येकात वेगळी असली तरी चित्र बसवण्याचं तत्त्व एकच आहे.

आता तत्त्व. चित्र म्हणजे नुसते रंगीत ठिपके. ते पृथ्वीवर कुठे आहे हे सॉफ्टवेअरला आपण सांगावं लागतं. काही चित्रांच्या फाइलमध्येच ही माहिती भरलेली असते, जिओटिफ हा तसा प्रकार. साध्या चित्राला मात्र कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात, किंवा ओळखीच्या खुणांवर ते ओढून बसवावं लागतं. बहुतेक घोटाळे इथेच होतात. एकेक करून पाहू.

पहिला घोटाळा आकडे लिहिण्याचा. सरकारी कागदपत्रांत अक्षांश अंश, मिनिटं, सेकंद असे असतात, तर सॉफ्टवेअर बहुधा दशांशात मागतं. समजा २८ अंश ३४ मिनिटं ३० सेकंद लिहायचं आहे. चौतीस भागिले साठ, अधिक तीस भागिले छत्तीसशे, म्हणून उत्तर २८.५७५. घाईत कुणी २८.३४३० असं लिहिलं, तर विमानतळ पंचवीस किलोमीटर दक्षिणेला, गुरुग्रामच्याही पलीकडे जाऊन बसेल. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते. दशांशाची घरं कमी लिहिली तर दिसत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे दिल्लीजवळ सुमारे ११०.८ किलोमीटर. चार घरं लिहिली तर शेवटचा आकडा अकरा मीटरचा होतो, पाच लिहिली तर एक मीटरचा. आपल्याला पाच तरी हवीतच.

दुसरा घोटाळा रेखांशाचा. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंशही जवळपास १११ किलोमीटर असतो, पण उत्तरेकडे जाऊ तसा तो आकसतो. दिल्लीत तो साधारण ९७.८ किलोमीटर भरतो. कोपऱ्यांचे आकडे काढताना दोन्ही अंश सारखेच धरले, तर पूर्व-पश्चिम अंतर जवळजवळ बारा टक्क्यांनी चुकतं. दिल्लीची मोठी धावपट्टी बरीचशी पूर्व-पश्चिमच आहे, म्हणजे ४४३० मीटरमध्ये पाचशे मीटरच्या आसपास फरक. ऑनलाइन नकाशांच्या चित्रांतही हाच हिशेब येतो. झूमच्या सतराव्या पातळीवर एक ठिपका विषुववृत्तावर सुमारे १.१९ मीटरचा असतो, मुंबईत १.१३ आणि दिल्लीत १.०५ मीटरचा. म्हणून एका गावासाठी काढलेलं माप दुसऱ्या गावाला जसंच्या तसं लावू नये.

तिसरा मुद्दा खुणा निवडण्याचा. तोफखान्यात आम्हाला शिकवलेलं असतं की जागा पक्की करायच्या खुणा एकमेकींपासून लांब हव्यात. इथे ते आकड्यांत पाहा. दोनशे मीटर अंतरावरच्या दोन खुणा घेतल्या आणि त्यांत दोन मीटरची चूक झाली, तर चूक एक टक्का झाली. तीच ४४३० मीटरपर्यंत ताणली की ४४ मीटर होते, म्हणजे जवळजवळ एका धावपट्टीची रुंदी. खुणा चार किलोमीटर लांब घेतल्या तर तेच दोन मीटर दोनच राहतात. म्हणून धावपट्टीची दोन टोकं घ्यावीत आणि शक्य तर तिसरी खूण त्या रेषेपासून दूर, दुसऱ्या धावपट्टीवर घ्यावी. चित्र दोन खुणांवर बसवा आणि तिसरीवर तपासा. पहिल्या दोन तर जुळणारच, आपणच त्या जुळवल्या आहेत. खरं काय ते तिसरी सांगते.

खुणांचे आकडे कुठून घ्यायचे? भारतीय विमानतळ प्राधिकरण आपलं वैमानिकी माहिती प्रकाशन, म्हणजे एआयपी, संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवतं. त्यात धावपट्ट्यांची लांबी, रुंदी, टोकांचे अक्षांश-रेखांश, सगळं असतं. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे कुणाकडे असतील तर ते मात्र या कामाला वापरू नका. ते एव्हरेस्ट मापनावर आधारलेले आहेत आणि सिम्युलेटर डब्ल्यूजीएस-८४ वर चालतो. दोन्हीतले आकडे एकाच जागेसाठी वेगळे येतात.

इथे दिल्लीची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. धावपट्टीचं टोक आणि थ्रेशहोल्ड, म्हणजे जिथून पुढे विमान उतरवता येतं ती रेषा, या दोन वेगळ्या जागा असू शकतात. तिसरी धावपट्टी सुरू झाली तेव्हा पूर्वेकडचा थ्रेशहोल्ड दीड किलोमीटरच्या आसपास आत घ्यावा लागला होता. कारण महामार्गालगत उभी असलेली महादेवाची उंच मूर्ती! चित्रात अशा सरकवलेल्या थ्रेशहोल्डच्या अलीकडे धावपट्टीवर बाण रंगवलेले दिसतात. थ्रेशहोल्डचा आकडा घेऊन तो टोकाला लावला, तर सगळं चित्र ताणलं जातं.

चित्र बसलं की ते मोजून पाहायला हाताशी फूटपट्टी तयारच असते. ती धावपट्टीवर रंगवलेली आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ४५ मीटर रुंद धावपट्टीच्या थ्रेशहोल्डवर बारा पांढरे पट्टे असतात आणि ६० मीटर रुंदीवर सोळा. लांब धावपट्टीवर लक्ष्याचे दोन जाड पट्टे थ्रेशहोल्डपासून ४०० मीटरवर सुरू होतात. बाकीच्या खुणांच्या जोड्या १५० मीटर अंतराने असतात. आपल्या चित्रात ही अंतरं मोजा. १५० च्या जागी १४१ येत असतील, तर पुढे एक रेघही ओढू नका.

आता चित्र फसवतं कुठे ते सांगतो. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावर नसतो, तो तिरका पाहतो. त्यामुळे उंच वस्तू चित्रात झुकलेल्या दिसतात. दिल्लीचा नवा एटीसी मनोरा सुमारे १०२ मीटर उंच आहे. वीस अंश तिरक्या चित्रात त्याचा माथा पायापासून ३७ मीटर बाजूला पडेल. म्हणून इमारत नेहमी पायथ्याशी गिरवावी, छपराच्या कडेवर नाही. सावली ही इमारतीची भिंत नव्हे, हेही तितकंच लक्षात ठेवावं. आणि दिल्लीत हिवाळ्याचं चित्र शक्यतो घेऊ नये, धुरक्यात टॅक्सी-वेच्या पिवळ्या रेषा विरघळून जातात. पावसाळा सरल्यानंतरचं चित्र सर्वांत स्वच्छ मिळतं.

चित्राची तारीख बघायला विसरू नका. जेवर इथल्या नोएडा आंतरराष्ट्रीय विमानतळाची पायाभरणी २५ नोव्हेंबर २०२१ ला झाली आणि ३९०० मीटरच्या धावपट्टीवर पहिलं चाचणी विमान ९ डिसेंबर २०२४ ला उतरलं. त्या जागेचं २०२० चं चित्र उघडलंत तर शेतं दिसतील. दिल्लीच्या मुख्य विमानतळावरही २०२३ च्या आधीच्या चित्रात चौथी धावपट्टी आणि रस्त्यावरून जाणारा उंचावरचा टॅक्सी-वे पूर्ण झालेला दिसणार नाही. एआयपीतले बदल अठ्ठावीस दिवसांच्या चक्राने लागू होतात. चित्र आणि कागद यांत फरक दिसला, तर दोन्हींच्या तारखा बघा आणि मग ठरवा.

कुणी म्हणेल, काका, हा शेवटी खेळ आहे, इतकं कशाला? माझ्या शेजारची एक मुलगी व्यावसायिक वैमानिकाचं प्रशिक्षण घेते. उड्डाणाच्या आदल्या रात्री ती सिम्युलेटरवर जमिनीवरचा रस्ता घोकते, कुठे वळायचं, कुठे थांबायचं. मोठ्या धावपट्टीपूर्वीची थांबण्याची रेषा मध्यरेषेपासून किमान ९० मीटरवर असावी लागते. मगाशी आपण काढलेली ४४ मीटरची चूक म्हणजे त्या अंतराचा अर्धा भाग झाला. सिम्युलेटरमध्ये रेषा चुकल्याने कुणाला इजा होत नाही, पण डोळ्याला लागलेली सवय लवकर जात नाही. धुक्याच्या सकाळी माणूस सवयीनेच चालतो. आपण बांधलेला विमानतळ आपण वाटतो, आणि तो कोण कशासाठी वापरणार हे आपल्या हातात नसतं. म्हणून मी त्या मुलीलाही एकच सांगतो: हे घोकायला ठीक आहे, पण विमानात शब्द पाळायचा तो अधिकृत चार्टचा आणि एटीसीचा.

शेवटी दोन पथ्यं. चित्राचा मालक असतो. गिरवायला वापरण्याआधी त्याच्या अटी वाचा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालणाऱ्यांना गूगलच्या चित्रावरून गिरवायला मनाई आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि आपला विमानतळ वाटताना मागचं चित्र सोबत जोडू नका. दुसरं पथ्य सैनिक म्हणून सांगतो. स्वतःचा ड्रोन उडवून चित्र काढायच्या फंदात पडू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळांभोवती मनाईचे आणि परवानगीचे पट्टे ठरवलेले आहेत. आणि लष्करी तळ गिरवू नका. गाझियाबादजवळच्या हिंडनवरून २०१९ पासून नागरी विमानंही उडतात, पण तळ हवाई दलाचा आहे. नागरी टर्मिनल आणि धावपट्टी, जेवढं प्रकाशित आहे तेवढं दाखवा. हँगर, शेल्टर, आतले रस्ते चित्रात दिसतात म्हणून उतरवायचे नसतात.

आता घरचा अभ्यास. आपल्या जवळचा लहान विमानतळ घ्या. कोल्हापूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, कुठलाही चालेल. एआयपीतून तीन खुणा काढा, दोनवर चित्र बसवा आणि तिसरीवर फरक किती येतो तो मीटरमध्ये लिहून ठेवा. पाच मीटरच्या आत आला तर गिरवायला घ्या, त्याहून जास्त आला तर आधी आकडे पुन्हा तपासा. पुढच्या भागात टॅक्सी-वेचं जाळं कसं जोडायचं ते पाहू. नमस्कार.