महाविद्यालयाची खरी किंमत

बारावीचे निकाल लागले, कीं काटोलच्या घराघरांतून एकच प्रश्न उभा राहतो: मुलामुलींस पुढें कोठें पाठवावें? गांवांत नबीरा महाविद्यालय आहे. आगगाडीनें नागपूर जवळ. पुण्यामुंबईचीं नांवें तर रोजच कानीं पडतात. पुष्कळ पालक फीचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून निर्णय घेतात. आमच्या मतें ही तुलना अपुरी आहे.

फी हा खर्चाचा एक भाग झाला. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें; परंतु खोलीचें भाडें, खानावळ व प्रवास यांचा हिशेब पालकांनींच करावयाचा असतो. त्यांत कर्जाची भर पडली म्हणजे चित्र पार पालटतें. समजा, चार वर्षें दर वर्षाच्या आरंभीं एक लाख रुपये दरसाल दरशेंकडा १० व्याजानें काढले आणि शिक्षण संपल्यावर एक वर्षानें हप्ते सुरू झाले. तोंपर्यंत सरळ व्याजच १,४०,००० रुपये होतें. चार लाखांचें ऋण ५,४०,००० वर जातें. हप्त्यांच्या काळांतील व्याज निराळेंच.

उलट, मिळणारी सवलत न मागणें हेंही नुकसानच होय. आपल्या घरांस कांहींच मिळत नाहीं, अशी समजूत रूढ आहे. ती खरी नव्हे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ति योजनेंतून खुल्या वर्गासही शिकवणीची निम्मी फी परत मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षेची पूर्ण फी मिळूं लागली आहे. मात्र प्रवेश केंद्रीय फेरींतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यांतील जागेस हा लाभ नाहीं.

आतां मोबदल्याकडे वळूं. नागपुरांत हिस्लॉप महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे; रावबहादुर लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून उभी राहिलेली तंत्रशास्त्राची संस्था १९४२ ची. कीर्ति मोलाची खरी, तथापि आपल्या मुलाच्या शाखेचें काय, हें तिच्यावरून कळत नाहीं. जाहिरातींत एकाच विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा पगार छापतात. विचारावयाचें तें असें, कीं शंभरांतील कितीजणांस काम मिळालें, मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती, आणि पांच वर्षांनीं ते कोठें आहेत? राष्ट्रीय क्रमवारींत (ती २०१६ पासून निघते) भाग घेणाऱ्या संस्था यांपैकीं कांहीं आंकडे प्रसिद्ध करतात. शिवाय जुन्या विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष भेटावें. पदवीनंतर पुढील शिक्षण घ्यावयाचें असेल, तर घराजवळ काटकसरीनें पदवी घेऊन शिल्लक पुढच्यासाठीं राखणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें.

काटोलचा बागाईतदार केवळ कलमाचा भाव पाहून संत्रा लावीत नाहीं. जमीन व पाणी पाहतो, आणि फळ धरण्यास लागणारीं चारपांच वर्षें हिशेबांत घेतो. मुलाच्या शिक्षणासाठीं तीच बाग गहाण टाकण्यापूर्वीं इतकाच विचार पालकांनीं करावा, एवढीच आमची विनंति.