एकेरी लोहमार्गाचे गणित

आगगाडीने प्रवास करणाऱ्या प्रत्येकास एक अनुभव हटकून येतो. गाडी एखाद्या लहानशा स्थानकात येऊन उभी राहते. तेथे चढणारा कोणी नसतो, उतरणाराही कोणी नसतो. दहा मिनिटे जातात, वीस मिनिटे जातात. उतारू खिडकीतून डोकावू लागतात. इतक्यात समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते आणि मग आपली गाडी हलते. ‘क्रॉसिंग होते’ असे कोणीतरी जाणतेपणाने सांगतो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः विषय तेथे सुरू व्हावयास हवा. हा खोळंबा नेहमीच कोणाच्या आळसामुळे होतो असे नाही. पुष्कळदा तो तीस वर्षांपूर्वी, क्वचित शंभर वर्षांपूर्वी, घेतलेल्या एखाद्या निर्णयाचे फळ असतो. असे निर्णय घेताना कोणता हिशेब करावा लागतो, हे आपल्याच मुलखातील दोन लोहमार्गांच्या आधारे समजावून देण्याचा आमचा विचार आहे.

आपल्या गावांतून ओहोळावर साकव असतो. त्यावरून एका वेळी एकानेच जावयाचे. दोघे समोरासमोर आले, तर एकास काठावर थांबणे भाग पडते. एकेरी लोहमार्ग हा असाच लांबच लांब साकवांचा हार होय आणि स्थानके हे त्या साकवांचे काठ. दोन स्थानकांमधील टप्प्यात एका वेळी एकच गाडी असावी, हा सुरक्षिततेचा मूळ नियम. ती पुढील स्थानकात सुखरूप पोहोचली याची खात्री पटल्यावाचून दुसरीस त्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. म्हणून मार्गावरून दिवसाकाठी किती गाड्या धावू शकतील, हे मार्गाच्या एकंदर लांबीवर अवलंबून नसते; जो टप्पा ओलांडावयास सर्वांत अधिक वेळ लागतो, त्या एका टप्प्यावर ते अवलंबून असते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतके, त्यातलाच हा प्रकार.

आता थोडे अंकगणित करू. समजा, दोन स्थानकांमधील अंतर बारा किलोमीटर आहे आणि मंदगती मालगाडीस ते तोडण्यास वीस मिनिटे लागतात. सिग्नल देणे, सांधे बदलणे, पुढील स्थानकाची अनुमती घेणे यांस आणखी पाच मिनिटे धरू. म्हणजे प्रत्येक गाडी तो टप्पा पंचवीस मिनिटे अडवून ठेवते. दिवसाची मिनिटे १४४०. त्यांस पंचवीसने भागले की सुमारे ५७ गाड्या येतात. परंतु आपल्या रेल्वेत पूर्वापार चालत आलेले स्कॉटचे सूत्र येथे थांबत नाही. ते या संख्येच्या सत्तर टक्केच हिशेबात धरते. म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून सुमारे ४० गाड्या, हीच त्या टप्प्याची खरी कुवत.

उरलेले तीस टक्के वाया गेले काय? मुळीच नाही. रूळ तपासावयाचे, खडी सारखी करावयाची, विजेच्या तारांची देखभाल करावयाची, तर मार्ग काही काळ मोकळा मिळालाच पाहिजे. शिवाय एकेरी मार्गावर एका गाडीस झालेला उशीर एकटीपुरता राहत नाही. ती दहा मिनिटे मागे पडली, की तिची वाट पाहणारी समोरची गाडी मागे पडते, मग तिची वाट पाहणारी तिसरी. वेळापत्रकात थोडीशी फट ठेवली असेल, तर हा उशीर तिच्यात जिरून जातो. फट नसेल, तर तो दिवसभर वाढतच राहतो. पूर्ण भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर पाणी सांडायचेच. शंभर टक्के वापरलेला मार्ग कार्यक्षम दिसतो खरा, पण तो पहिल्याच धक्क्याला कोलमडतो.

याच गणितातून उपायही सुचतो. वरील बारा किलोमीटरांच्या टप्प्यात मधोमध गाड्या ओलांडण्याचे एक स्थानक बांधले, तर प्रत्येक अर्ध्या टप्प्यास दहा अधिक पाच, अशी पंधरा मिनिटे लागतील. १४४० भागिले पंधरा म्हणजे ९६ आणि त्याचे सत्तर टक्के सुमारे ६७. एका स्थानकाने चाळीसाचे सदुसष्ट झाले! मात्र हे स्थानक मोठ्या लांबीचे हवे. मालगाडी जवळजवळ सातशे मीटर लांब असते. ती बाजूच्या रुळावर पूर्णपणे मावली नाही, तर त्या स्थानकाचा तिला उपयोग नाही. आणि एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. स्थानके वाढत गेली म्हणजे थांबण्याचे प्रसंगही वाढतात आणि गाड्यांचा सरासरी वेग घटतो. अखेर दुसरा मार्ग टाकण्यास पर्याय उरत नाही.

आता पहिले उदाहरण घेऊ. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांचा कोकण लोहमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. बॅरिस्टर नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्यांनी ज्याचा ध्यास घेतला, तो मार्ग बांधण्यासाठी १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन् यांच्याकडे त्याची धुरा आली. केंद्र सरकारबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा व केरळ या राज्यांनी भांडवल पुरविले. या मार्गावर ९१ बोगदे आहेत. त्यांपैकी करबुडे येथील बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. चढ दीडशेस एक, म्हणजे दीडशे मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याहून कडक ठेवलेला नाही. त्यासाठी खर्च पुष्कळ आला, परंतु पुढे प्रत्येक गाडीस त्याचा लाभ मिळत आहे. दूरदृष्टीचे हे उत्तम उदाहरण होय.

मात्र मार्ग एकेरीच झाला आणि बोगदेही एकाच मार्गापुरते खोदले गेले. त्या वेळच्या तुटपुंज्या पैशात दुहेरीचा आग्रह धरला असता, तर कदाचित मार्गच झाला नसता. म्हणून बांधणाऱ्यांस दोष देणे योग्य होणार नाही. पण आज त्याच डोंगरांतून दुसरा मार्ग नेण्यास नवे बोगदे खोदावे लागणार, हेही तितकेच खरे. म्हणून सोप्या उपायांपासून आरंभ झाला आहे. वेरवली, खारेपाटण, आचिर्णे यांसारखी नवी स्थानके मध्ये घालण्यात आली. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. विजेचे एंजिन लवकर वेग घेते, त्यामुळे थांबून पुन्हा निघण्यात जाणारा वेळ वाचतो. पावसाळ्यात मात्र दरडींच्या भयामुळे वेग कमी करून वेगळे वेळापत्रक पाळावे लागते. म्हणजे निसर्गच काही महिने मार्गाची कुवत घटवितो. त्यात गणेशचतुर्थी येते. गोव्यात आम्ही जिला ‘चवथ’ म्हणतो, त्या सणासाठी मुंबईहून माणसांचा लोंढा निघतो आणि तो नेमका या कमी वेगाच्या दिवसांत! केवळ त्या पंधरवड्यासाठी मार्ग बांधला, तर वर्षभर तो रिकामा राहील. आणि सरासरी दिवस पाहून बांधला, तर चवथीला माणसे दारात लोंबकळतील. योजना करणाऱ्याने या दोहोंमधील मार्ग शोधावयाचा असतो.

दुसरे उदाहरण याहून जुने. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग बांधण्यात आला. १८८८ च्या सुमारास तो पुरा झाला आणि लोंढ्यामार्गे बेळगाव-हुबळीच्या मुलखाशी जोडला गेला. त्या वेळी घाटावरील मार्ग मीटरगेज होता, म्हणून हाही मीटरगेज झाला. निर्णय तेव्हा सयुक्तिक होता. पण तो बदलून रूळ रुंद करण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. लोहमार्गाचा एक निर्णय शंभर वर्षे कसा पाठीशी राहतो, ते यावरून दिसेल. तसाच दुसरा निर्णय चढाचा. कॅसलरॉक ते कुळे हा दूधसागरावरून जाणारा सुमारे २६ किलोमीटरांचा घाट सदतिसास एक इतका उभा आहे. कोकण मार्गाच्या दीडशेस एक या चढाशी ताडून पाहा! जड गाड्यांस येथे जादा एंजिने जोडावी लागतात, ती जोडण्या-सोडण्यात वेळ जातो, वेग मंदावतो. साऱ्या मार्गाची कुवत हा एक घाट ठरवितो.

योजनेतील सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे उद्याच्या वाहतुकीचा अंदाज. या घाटाचीच गोष्ट पाहा. या शतकाच्या आरंभी बळ्ळारी-होस्पेट भागातील लोहखनिज गाड्यांनी मुरगावास येत असे. भरलेल्या गाड्या घाट उतरत आणि रिकाम्या वर चढत. २०१० मध्ये कर्नाटक सरकारने खनिजाच्या निर्यातीस बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती उठविली २०२२ मध्ये. उलटपक्षी, बंदरात उतरणारा परदेशी कोळसा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो, म्हणजे भरलेल्या गाड्या घाट चढतात. रूळ तेच, डोंगर तोच, पण जड बाजू उलटी झाली! आजच्या आकड्यास दरवर्षीची वाढ जोडीत पुढील तीस वर्षांचा अंदाज बांधणारा येथे फसल्यावाचून राहणार नाही. म्हणून शहाणा योजक एकच भविष्य गृहीत न धरता दोन-तीन शक्यता मांडतो आणि त्या सर्वांत उपयोगी पडेल ते काम आधी हाती घेतो.

याच घाटात दुसरा मार्ग टाकण्याची योजना पुढे आली, तेव्हा प्रश्न केवळ गणिताचा राहिला नाही. मार्ग मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून व भगवान महावीर अभयारण्यातून जातो. किनाऱ्याकडील गावांत रुळांलगत घरे आहेत. कोळशाची धूळ आणि घरांस बसणारे हादरे यांविषयी तेथील लोकांनी आवाज उठविला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक–कुळे भागातील दुहेरीकरणास वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली अनुमती रद्द केली. मात्र परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्यास रेल्वेस मोकळीक ठेवली. दुसरा मार्ग हवा म्हणणाऱ्यांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. एक मालगाडी सुमारे साडेतीन हजार टन माल नेते. प्रत्येक ट्रकमध्ये वीस टन धरले, तरी तेवढ्या मालास पावणेदोनशे ट्रक लागतील आणि ते आपल्याच घाटरस्त्यांवरून व गावांतून जातील. देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवर आला असून तो ४५ टक्क्यांपर्यंत न्यावा, असे २०२० च्या राष्ट्रीय रेल्वे योजनेच्या मसुद्याने उद्दिष्ट ठेवले, ते याच विचाराने. तरीही कोणता माल, कोणासाठी, कोणत्या वाटेने, हे प्रश्न शिल्लक राहतातच. रेल्वे चांगली, एवढ्यावरून प्रत्येक रूळ चांगला ठरत नाही, असे आम्हांस वाटते. कोकण मार्गावर १९९९ पासून भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेतात. नवा डोंगर न फोडता रस्त्यावरील भार हलका करण्याची ही युक्ती अशा वेळी आठवावी.

शेवटी पैशाचा प्रश्न येतो. दुहेरी मार्गाचा खर्च स्वबळावर पेलणे कोकण रेल्वे महामंडळास कठीण, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करावे असा विचार पुढे आला. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही त्यास संमती दिली. परंतु पैसा मिळाला तरी क्रम चुकता कामा नये. रत्नागिरीजवळ दुसरा रूळ पडला आणि पनवेलच्या पुढे मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या गर्दीत वाट मिळाली नाही, तर उतारूंस लाभ काय? विहीर मोठी केली, पण मोट तीच राहिली, असे होईल. आधी कच्ची कडी शोधावी, मग तीवर खर्च करावा.

विद्यार्थिमित्रहो, हे सारे तुम्हांस पडताळून पाहता येईल. पुढील प्रवासात वही व घड्याळ जवळ ठेवा. गाडी कोणत्या स्थानकात ओलांडणीसाठी थांबली, किती मिनिटे थांबली, दोन स्थानकांमधील टप्प्यास किती वेळ लागला, हे टिपून घ्या आणि घरी येऊन १४४० ला भागा. तुमच्या मार्गाची कच्ची कडी बहुधा तुमच्याच वहीत सापडेल. आणि ती सापडली, की तेथे नवे स्थानक हवे, दुसरा रूळ हवा की वेगळीच वाट हवी, यावर वर्गात वाद घाला. तुम्ही आमच्या वयाचे व्हाल, तेव्हा ज्या गाड्यांतून फिराल त्यांचे रूळ आज ठरत आहेत. ते ठरविणाऱ्यांस जाब विचारावयाचा, तर आधी हिशेब करता आला पाहिजे.