कृषि कॉलेजांची यादी कशी चाळावी

बारावीचा निकाल लागला कीं ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी शेतकी शिक्षणास जावयाची असते, त्या घरीं कॉलेजांच्या नांवांची लांबलचक यादी तयार होते. आजच्या महाराष्ट्रांत १९०६ सालीं नागपुरास व १९०७ सालीं पुण्यास शेतकी कॉलेज निघालें, तेव्हां ही यादी बोटांवर मोजण्याइतकी होती. आज राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठें, त्यांचीं स्वतःचीं कॉलेजें व त्यांस संलग्न असलेलीं खासगी कॉलेजें मिळून ती कित्येक पानांची होते. मग ज्याची जाहिरात मोठी किंवा जेथें मित्र चालला, तें नांव वर चढतें. ज्या गोष्टीवर मुलाचीं चार वर्षें आणि बापाच्या जमिनीचें उत्पन्न लागावयाचें, ती अशा उतावळेपणानें ठरूं नये, म्हणून हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

प्रथम विद्या ठरवावी, मग कॉलेज. शेतकी, उद्यानविद्या, कृषि अभियांत्रिकी हीं सर्व एकच नव्हेत. पशुवैद्यकाची पदवी तर साडेपांच वर्षांची असून तिची प्रवेशपरीक्षाहि वेगळी आहे. हीं कॉलेजें नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं येतात. ज्या मुलास गोठ्याची आवड आहे त्याची यादी व ज्यास यंत्रांची आवड आहे त्याची यादी निराळी झाली पाहिजे. एवढें केल्यानेंच निम्मीं नांवें गळून पडतात.

दुसरी चाळण मान्यतेची. कॉलेज विद्यापीठाचें स्वतःचें आहे कीं संलग्न आहे, आणि भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृति त्यास आहे कीं नाहीं, हें कागदावर पाहून घ्यावें. पदवीनंतर पुढें शिकावयाचें असेल तर हा प्रश्न आड येऊं शकतो. तोंडी आश्वासनावर येथें विसंबूं नये.

तिसरी चाळण जमिनीची. ज्यास परत येऊन घरचीच शेती करावयाची आहे, त्यानें आपल्या मातीशीं जुळणारी जागा आधीं पाहावी. दापोलीस जांभी जमीन, अतिवृष्टि, भात, आंबा व काजू. परभणी व अकोल्याकडे काळी जमीन, कापूस, सोयाबीन व तूर. राहुरीच्या विद्यापीठाकडे ऊस व अवर्षणप्रवण भागाची कोरडवाहू शेती, हीं दोन्हीं आहेत. सोलापूरकडील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा कोंकणांत शिकला तर वाया जातो असें नाहीं. पण घरच्या पिकांचे प्रयोग त्यास रोज डोळ्यांसमोर दिसणार नाहींत. नोकरीचा किंवा स्पर्धापरीक्षांचा हेतु असेल तर या चाळणीस कमी महत्त्व द्यावें.

चौथी चाळण खर्चाची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत कठोरपणें लावावी. केवळ पहिल्या वर्षाची फी पाहूं नये. चारहि वर्षांची फी, वसतिगृह, खाणावळ, प्रवास व पुस्तकें यांची बेरीज करून ती आपल्या निव्वळ उत्पन्नाशीं ताडून पाहावी. तीहि चांगल्या सालाशीं नव्हे, तर पाऊस दगा देतो त्या सालाशीं. महसूल खात्यांत कारकुनी करतांना शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचा बोजा इतर हक्कांत चढलेले उतारे आम्हीं पुष्कळ पाहिले. कर्ज काढणें हें पाप नव्हे. परंतु घरांत दुसरें मूल शिकावयाचें असतां सारी जमीन थोरल्याच्या एका पदवीपायीं गुंतविणें, हा धाकट्याच्या वाट्यावर अन्याय होय. विशेषतः ही धाकटी मुलगी असली, म्हणजे तिचें शिक्षण कसें निमूटपणें थांबतें, हें आम्ही वाचकांस सांगावयास नको.

एवढ्यानें आठदहा नांवें उरतील. तीं प्रत्यक्ष जाऊन पाहावीं. इमारतीची कमान पाहूं नये. प्रक्षेत्र किती एकरांचें आहे, त्यास पाणी आहे काय, विद्यार्थी स्वतः पेरणी करतात कीं मजूर, अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत काय, हें विचारावें. अखेरच्या वर्षीं विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत राहतात. त्या खेड्यांतील शेतकऱ्यांस विचारावें कीं मुलें बांधावर येत होतीं कीं केवळ फलकापुढें छायाचित्र काढून परत जात होतीं. याहून खरें प्रमाणपत्र दुसरें नाहीं. मुलीसाठीं वसतिगृहाची सोय व बसथांब्यापासूनचा रस्ता हीं आवर्जून पाहावीं.

शेवटीं पसंतीक्रम. जागा गुणवत्ता आणि पसंतीक्रम यांवरून मिळते. तेव्हां जें खरोखर हवें तेंच वर लिहावें, ‘मिळेल’ म्हणून नको तें वर लिहूं नये. आणि ज्या ठिकाणीं जावयाचेंच नाहीं, तें नांव यादींत ठेवूंच नये.

दाखल्यांची तयारी मात्र एक वर्ष आधीं करावी. उतारा अजून आजोबांच्या नांवावर असेल तर वारसनोंद आधीं करून घ्यावी. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतींसाठीं पंधरा दिवस जातात, व वाद निघाल्यास महिने लागतात. उत्पन्न, अधिवास, जात व जातवैधता यांचे कागद ऐन जूनमध्यें मागावयास गेल्यास कचेरींत रीघ असते. सवलतींचे नियम त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेंतच वाचावे, गेल्या वर्षाचे ऐकीव नियम धरूं नयेत.

यादी चाळतांना मुलास जवळ बसवावें आणि प्रत्येक नांवापुढें तें ठेवण्याचें किंवा खोडण्याचें कारण त्याच्याच हातानें लिहवून घ्यावें. पुढें तेथें राहावयाचें त्यालाच आहे.