व्हेनिस पाहिले, घेट्टोही पाहिला

दाराशी रिक्षा नाही, बस नाही, सायकलसुद्धा नाही. आहे ते पाणी आणि होडी. असे शहर आम्ही फक्त सिनेमात पाहिले होते. पुतण्या शिकण्यासाठी जर्मनीत आहे. त्याच्या आग्रहाने गेल्या वर्षी आम्ही उभयता तिकडे गेलो आणि दोन दिवस इटलीतील व्हेनिसला जाऊन आलो. कारकुनाच्या पगारात असा योग पुन्हा कधी यायचा! म्हणून जे पाहिले ते वाचकांना सांगतो.

मुक्काम केला मेस्त्रे येथे. हे गाव पुलाच्या अलीकडे, जमिनीवर आहे. खोल्या तुलनेने स्वस्त आणि रेल्वेने व्हेनिस दहा-बारा मिनिटांवर. सांता लुचिया स्टेशनाच्या पायऱ्या उतरू लागलो तर समोर थेट ग्रँड कॅनाल! घरच्या मंडळींनी विचारले, "अहो, रस्ता कुठे आहे?" रस्ता तोच होता.

हे शहर ११८ लहान बेटांवर वसले आहे. चिखलात लाकडी खांब ठोकून त्यांवर घरे उभी केली. बेटांना जोडणारे चारशेहून अधिक पूल आहेत. रुग्णवाहिका होडी, अग्निशमनाचा बंब होडी, कचऱ्याची गाडीही होडीच. सकाळी सफाई कामगार हातगाडीवर कचरा गोळा करून होडीपर्यंत नेतात. पुलांना पायऱ्या असल्याने दुकानाचा माल नेणाऱ्या हमालाला भरली गाडी प्रत्येक पुलावर ओढून चढवावी लागते. पर्यटक फोटो काढत असतात, हमाल घाम पुसत असतो.

गोंडोला नावाच्या सजवलेल्या होडीचे भाडे अर्ध्या तासाला ९० युरो. आम्ही लांबूनच नमस्कार केला! सार्वजनिक बोटीचे ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरो. त्यात पूर्ण ग्रँड कॅनाल पाहून झाला. चौकाचौकात दगडी विहिरी दिसल्या. चहूकडे पाणी, पण खारे. म्हणून पावसाचे पाणी वाळूतून गाळून चौकाखाली साठवत. नळाचे पाणी १८८४ साली आले.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही मुद्दाम स्टेशनापासून दहा मिनिटांवरच्या एका वस्तीत गेलो. 'घेट्टो' हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात जो मोठा ग्रंथ छापला गेला, त्याच्या नावातच 'चिल्ड्रन ऑफ इंडियाज घेट्टो' हे शब्द आहेत. तो शब्द जन्मला या वस्तीत. येथे पूर्वी धातू ओतण्याचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

१५१६ साली व्हेनिसच्या सरकारने हुकूम काढला की, ज्यूंनी याच बेटावर राहावे. रात्री दरवाजांना कुलूप. पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा! बाहेर जाताना अंगावर ओळखीची पिवळी खूण. धंदे ठरवून दिलेले: सावकारी, जुने कपडे विकणे, वैद्यकी. माणसे वाढली, जागा वाढेना; म्हणून घरे वर वर चढली. सात-आठ मजल्यांची, बुटक्या छतांची ती घरे आजही उभी आहेत.

वस्तीत शिरताना एक ठेंगणा बोळ लागतो. तेथे दगडात दरवाजाच्या बिजागऱ्यांच्या खुणा अजून दिसतात. घरच्या मंडळींनी त्या खोबणीवर हात ठेवला आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे माहेरचे घर गावकुसाबाहेर होते. त्या वस्तीला दरवाजा नव्हता, कुलूप नव्हते. तरी कोण कुठवर जाणार हे ठरलेले होते.

१७९७ साली नेपोलियनच्या फौजा आल्या आणि हे दरवाजे तोडले गेले. गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. पण १९४३-४४ साली याच शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना नाझींच्या छळछावण्यांत धाडले गेले; परतले मोजकेच. चौकातल्या भिंतीवर त्यांच्या स्मरणार्थ ब्राँझची शिल्पे आहेत. दरवाजा तुटला म्हणून मनातले कुलूप उघडतेच असे नाही, हे त्या भिंतीपुढे उभे राहिल्यावर कळते.

आपली मुले आता परदेशी शिकायला जातात. त्यांच्यापैकी कोणी व्हेनिसला गेले तर गोंडोला राहिला तरी चालेल; त्या बोळातली खोबण मात्र जरूर पाहून यावी.