रंगमंचावर न घडलेला क्षण

१७४१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या गुडमन्स फील्ड्स नाटकगृहात तिसऱ्या रिचर्डची भूमिका करून डेव्हिड गॅरिक हा चोवीस वर्षांचा तरुण मातब्बर नटांच्या पंक्तीत जाऊन बसला, आणि पुढे १७४५ त विल्यम होगार्थ याने त्याच भूमिकेतील त्याचे सुमारे अडीच मीटर रुंदीचे तैलचित्र रंगविले. युद्धाच्या आदल्या रात्री, आपण मारलेल्यांची पिशाच्चे स्वप्नात पाहून दचकून उठलेला राजा एका हाताचा पंजा पसरून अदृश्याला थोपवू पाहत आहे. त्या पंजातील ताठरलेली बोटे पाहिली, म्हणजे गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट केवळ इतरांच्या आठवणींतून ठाऊक असलेल्या मराठी रसिकाला गॅरिकच्या देशबांधवांचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. या चित्राचा मोबदला दोनशे पौंड, म्हणजे त्या काळी अपूर्वच, होता.

तथापि असे चित्र म्हणजे प्रयोगाचा हुबेहूब दस्तऐवज, ही समजूत बरोबर नव्हे. १८८८ च्या डिसेंबरात हेन्री अर्व्हिंग याने लायसियम नाट्यगृहात 'मॅकबेथ' सादर केले, त्यात लेडी मॅकबेथ झालेल्या एलेन टेरीचे चित्र जॉन सिंगर सार्जंट याने पुढच्याच वर्षी पुरे केले. तिचा हिरवा, विणलेला, पायघोळ पोशाख सोनकिड्यांच्या खऱ्याखुऱ्या पंखांनी मढविलेला होता. हिंदुस्थानातील भरतकामात जे पंख पिढ्यान्‌पिढ्या टाचले जात, त्यांच्याच जातीचे हे पंख दिव्यांच्या उजेडात हलत्या सर्पाच्या खवल्यांसारखे चमकत. सार्जंटने ती चमक हिरव्या-निळ्या फटकाऱ्यांत पकडली, तांबड्या जाड वेण्या गुडघ्यांच्याही खाली सोडल्या, आणि दोन्ही हातांनी राजमुकुट स्वतःच्या मस्तकावर धरलेली राणी उभी केली.

मुकुट उचलण्याचा हा प्रसंग शेक्सपिअरच्या संहितेत नाही आणि अर्व्हिंगच्या प्रयोगातही नव्हता. चित्रकाराने तो स्वतः निर्माण केला, आणि माझ्या मते तेथेच त्याने भूमिकेचा गाभा हस्तगत केला. कारण पाच अंकांत विखुरलेली महत्त्वाकांक्षा, तिची धुंदी आणि तिच्या पोटात दडलेली भीती एका स्थिर देहात एकवटायची, तर नाटकातील कोणताही एक प्रवेश त्यास पुरा पडला नसता. टेरीचे डोळे पाहावेत: हाती आलेल्या वैभवाकडे त्यांचे लक्षच नाही.

हे चित्र अर्व्हिंगने विकत घेऊन नाट्यगृहातील आपल्या भोजनकक्षात लावले. १९०६ साली ते टेट संग्रहालयात दाखल झाले. त्याच वर्षी, टेरीच्या रंगभूमीवरील कारकिर्दीस पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, सार्जंटने डंकन राजाच्या स्वागतासाठी किल्ल्याबाहेर येणारी लेडी मॅकबेथ करड्या रंगच्छटांत रंगविली. हा प्रसंग मात्र नाटकातलाच आहे, आणि ते लहानसे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. परंतु टेरीची लेडी मॅकबेथ म्हटली की रसिकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती मुकुट उचललेलीच.