दिल्ली, एकास त्रेचाळीस

दिल्लीत गाडीचं आयुष्य बरेचदा न्यायालयात ठरतं. दुसऱ्या महायुद्धातल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे बाकं जोडून केलेली चांदणी चौकातली फटफटी प्रदूषणापायी १९९८च्या सुमारास रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शहरातल्या बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला. १९९२मध्ये ‘रेडलाइन’ म्हणून आलेली आणि पुढे ‘ब्लूलाइन’ नावाने बदनाम झालेली खासगी बसही यथावकाश गेली. दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन चालवायचं नाही, या हरित लवादाच्या निर्बंधावर २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. हवेसाठी हे गरजेचंच होतं. पण रस्त्यावरची साधी गाडी जिथे इतक्या झटपट नाहीशी होते, तिथे तिची मापबरहुकूम प्रतिकृती करणारा छांदिष्ट नकळत दफ्तरदाराचं काम करत असतो.

मूळ वाहनं पाहायला राजधानी परिसरात जागा भरपूर आहेत. चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात (स्थापना १९७७) पतियाळा संस्थानची १९०७ची मोनोरेल आहे. तिचा भार एका रुळावर आणि तोल बाजूच्या मोठ्या रस्त्यावरच्या चाकावर. पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आणि मारुत विमानं आहेत. गुरुग्रामपुढे तावडूला तरुण ठकराल यांनी उभारलेलं हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम डिसेंबर २०१३मध्ये खुलं झालं. तिथे मोटारींबरोबर जुनी भारतीय खेळणीही मांडली आहेत. मात्र संग्रहालयात एका जातीचा एकच नमुना राहतो, तोही घासूनपुसून. बसच्या पाठीवर रंगवलेली अक्षरं, टॅक्सीचा चेपलेला बंपर, रिक्षाच्या हुडाला मारलेलं ठिगळ हे सगळं टिकतं ते प्रतिकृतीकाराच्या टेबलावर.

या छंदातली प्रमाणं कोणी समिती बसवून ठरवलेली नाहीत. मोटारींचं १:४३ हे प्रमाण ब्रिटिश ‘ओ गेज’ खेळण्यातल्या रेल्वेवरून आलं. फुटाला सात मिलिमीटर असं तिचं माप होतं, आणि त्या रेल्वेशेजारी शोभाव्यात म्हणून डिंकी मोटारी निघाल्या. रणगाड्यांचं १:३५ हे प्रमाण तर जपानच्या तामिया कंपनीच्या १९६१च्या पँथर रणगाड्यातून आलं. मोटर चालवणाऱ्या बॅटऱ्या पोटात मावाव्यात एवढा तो रणगाडा केला, आणि जगाने ते माप उचललं. भारतात १९६८च्या सुमारास डिंकीच्या जुन्या साच्यांवर कोलकात्यात ‘निकी टॉइज’च्या गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. पुढे दिल्लीच्या सेंटी टॉइजने मागे ओढून सोडायच्या प्लास्टिकच्या गाड्यांमध्ये अ‍ॅम्बॅसेडर, रिक्षा अशी आपली वाहनं आणली. परदेशी किट-कंपन्यांच्या यादीत स्पिटफायर आणि टायगर रणगाडे पैशाला पासरी मिळतील, दिल्लीची काळी-पिवळी शोधूनही सापडणार नाही. मग खेळण्यातली गाडी फोडून सुधारायची, नाहीतर प्लास्टिकची शीट कापून पहिल्यापासून घडवायची. अलीकडे थ्रीडी प्रिंटरची मदत होते, तरी मापं स्वतःलाच काढावी लागतात.

अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सीचंच घ्या. मूळ गाडी साधारण ४.३ मीटर लांब, म्हणजे १:४३मध्ये प्रतिकृती दहा सेंटिमीटर. या मापात एक मिलिमीटरची फट खऱ्या गाडीवर चार सेंटिमीटरहून मोठी होते. त्यामुळे एम-सील किंवा मोटारीची पुट्टी भरून, ओल्या पॉलिश पेपरने घासून सांधे मारावे लागतात. सुटे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. मग प्रायमर. टपाचा पिवळा आधी, काळा शेवटी, कारण काळ्यावर पिवळा चढता चढत नाही. पिवळा मुळातच पारदर्शक. त्याच्याखाली पांढरा किंवा फिकट गुलाबी हात दिला की तो खुलतो. त्यावर मास्किंग टेप, मग बाजूचा सीएनजीचा हिरवा पट्टा, पुन्हा टेप, आणि सरतेशेवटी काळा. डेकल, म्हणजे अक्षरांची छापील चिकटचित्रं, लावण्याआधी चकचकीत वार्निश हवं. खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेवटी दिल्लीची धूळ. खरी माती इथे चालत नाही, तिचा कण या मापात खड्याएवढा वाटतो. बारीक कोरडं रंगद्रव्य ब्रशने चाकांभोवती टेकवायचं आणि वेळीच थांबायचं.

हवामानही परीक्षा पाहतं. मे-जूनच्या कोरड्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या सुईवरच वाळतो, तर पावसाळी दमट हवेत लॅकरच्या वार्निशवर पांढुरकी झाक येते. परदेशी रंग महाग पडतात, म्हणून हात बसेपर्यंत देशी अ‍ॅक्रिलिकवर भागवावं. १९३१मध्ये दांडेकरांनी सुरू केलेल्या आपल्या कॅम्लिनच्या बाटल्या कुठेही मिळतात. पातळ करून दोन-तीन हात दिले तर काम छान होतं.

खरी अडचण आयातीची. जकातीच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती आणि खेळणी ९५०३ या एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. देशी खेळणी-उद्योगाला आधार मिळावा हा हेतू रास्त आहे. पण खोक्यावर ‘वय १४ आणि पुढे’ छापलेल्या किटला देशी पर्याय जवळपास नाही, त्यामुळे भुर्दंड पडतो तो छांदिष्टालाच.

छंद चिकाटीने केला तर कुठवर जातो, याचं उदाहरण पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने जमवलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय कोथरूडला १ एप्रिल १९९८ रोजी उघडलं. तिथे सिग्नल, रूळ, गाव आणि गाड्या एकत्र चालताना दिसतात. दिल्लीच्या बस-टॅक्सींचं असं मांडलेलं दालन व्हायला हवं. त्याला लागणारी माणसं आणि कसब या शहरात आहे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. घरातली जुनी स्कूटर किंवा मारुती ८०० भंगारात देण्याआधी तिचे पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढा. लांब उभं राहून झूम करा, म्हणजे आकार वाकडा येत नाही. चौकटीत एक मोजपट्टी ठेवा. लांबी, रुंदी, दोन चाकांमधलं अंतर लिहून ठेवा, रंगाचा एक टवका पाकिटात घाला. प्रतिकृती करायला पुढे कुणीही सापडेल, मापं मात्र गाडीबरोबरच जातात.